मुदत विमा कंपनीची वाढली, तुमची नव्हे

प्रश्न : मी कॅलिफोर्नियातील सनीवेल येथे राहते आणि एका कंपनीत सॉफ्टवेअर चाचणीचे काम करीत होते. संधिवातामुळे बोटे आखडली, कळफलक चालवणे अशक्य झाले आणि नोकरीतून मिळालेल्या समूह विम्याच्या दीर्घकालीन अपंगत्व पॉलिसीतून मला दरमहा ६,००० डॉलर मिळू लागले. चोवीस महिन्यांनी ‘तुम्ही अन्य कोणतेही बैठे काम करू शकता’ असे कळवून विमा कंपनीने पैसे थांबवले. अंतर्गत अपीलही फेटाळले गेले, म्हणून फेडरल कोर्टात दावा दाखल केला. विमा कंपनीवर ३ मार्चला आणि ज्या नोकरीच्या लाभयोजनेतून हा विमा मिळाला तिच्यावर १२ मार्चला समन्स बजावले गेले. विमा कंपनीने २४ मार्चपर्यंत उत्तर द्यायचे होते. पण २० मार्चला माझ्या वकिलांचा मेल आला की, समोरच्या वकिलांनी मुदत मागितली, मी संमती दिली आहे, आता दोघांचेही उत्तर २३ एप्रिलला येईल. मला साधे विचारलेही नाही. माझे दीर पुण्यात वकिली करतात. ते म्हणतात की मुदत संपू द्यायची आणि एकतर्फी निकाल घ्यायचा, हे तुमच्या वकिलाला कळत कसे नाही? सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे सरकारी अपंगत्व लाभाचा, अर्जही ९ फेब्रुवारीच्या पत्राने नाकारला गेला आहे, परंतु आता २३ एप्रिलपर्यंत सगळेच थांबले असल्याने ते नंतर पाहू असे ठरवले आहे. वकील बदलावा का? आणि मधल्या काळात पुण्याला आईकडे जाऊन यावे का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील ज्या वाक्याने माझ्या पोटात गोळा आला ते वकिलांविषयीचे नाही. ‘ते नंतर पाहू’ हे ते वाक्य. पत्र मिळाले त्याच दिवशी हा मुद्दा मी तुम्हाला स्वतंत्रपणे कळवला होता. तो येथे पुन्हा मांडते, कारण हीच चूक करणारी माणसे मी माझ्या वकिलीच्या काळात दरवर्षी पाहिली आहेत.

२३ एप्रिलपर्यंत ‘सगळे’ थांबलेले नाही. थांबले आहे ते एकच काम, आणि तेही तुमचे नव्हे, समोरच्या पक्षाचे : दाव्याला उत्तर देण्याचे. सोशल सिक्युरिटीच्या नकारावर फेरविचार मागण्याची मुदत ही स्वतंत्र कायद्याखालची, स्वतंत्र कार्यालयातली आणि संपूर्णपणे तुमच्या अंगावरची मुदत आहे. नकाराचे पत्र हाती पडल्यापासून ६० दिवस मिळतात, आणि पत्रावरील तारखेनंतर पाच दिवसांनी ते हाती पडले असे गृहीत धरले जाते. ९ फेब्रुवारीत पाच मिळवले की १४ फेब्रुवारी येते आणि तिथून साठावा दिवस १५ एप्रिलला येतो. आयकर विवरणपत्राचीही तीच तारीख असल्याने ती विसरण्याची सोय निदान या देशात तरी नाही. म्हणजे तुम्ही ज्या दिवसापर्यंत हात बांधून बसण्याचे ठरवले होते, त्याच्या आठ दिवस आधीच ही मुदत संपते. उशिरा केलेला अर्जही सबळ कारण दाखवल्यास स्वीकारला जाऊ शकतो. परंतु ‘माझ्या दुसऱ्या खटल्यात मुदतवाढ मिळाली होती, म्हणून मला वाटले’ हे कारण मी कोणाही अशिलाला लिहून द्यायला सांगणार नाही. फेरविचाराचा अर्ज ऑनलाइन करता येतो. आजच करा आणि पोच छापून घ्या.

या दोन प्रकरणांचा एकमेकांशी संबंधही आहे. समूह अपंगत्व पॉलिसींमध्ये सोशल सिक्युरिटीकडून मिळणारी रक्कम विम्याच्या रकमेतून वजा होते, आणि बहुतेक पॉलिसींत तुम्ही तो लाभ मिळवण्यासाठी अपिलांसह सर्व प्रयत्न केले पाहिजेत अशी अट असते; नाही केले तर कंपनी अंदाजाने रक्कम ठरवून ती कापू शकते. उद्या खटला जिंकून ६,००० डॉलर पुन्हा सुरू झाले आणि त्यातून कधी न मिळालेली सोशल सिक्युरिटीची रक्कम वजा होऊ लागली, तर त्या वेळी कोणाला दोष देणार?

आता वकिलांकडे वळते.

फेडरल दिवाणी प्रक्रियेच्या नियम १२ प्रमाणे समन्स बजावल्यापासून २१ दिवसांत प्रतिवादीने उत्तर द्यायचे असते. तुमचे गणित बरोबर आहे. ३ मार्चचा दिवस सोडून मोजले की २४ मार्च येते. परंतु याच नियमावलीत दुसरी एक वाट आहे. वादीने समन्स प्रत्यक्ष बजावण्याऐवजी प्रतिवादीला ‘बजावणी माफ करा’ अशी विनंती पाठवायची, आणि प्रतिवादीने ती मान्य केली की त्याला उत्तरासाठी, विनंती पाठवल्या दिवसापासून ६० दिवस मिळतात. बजावणीचा खर्च आणि खटपट वाचते म्हणून कितीतरी वकील हीच वाट धरतात. तुमच्या वकिलांनी ३ मार्चला समन्स न बजावता अशी विनंती पाठवली असती, तर कंपनीला कोणाकडेही काही न मागता २ मेपर्यंतचा वेळ मिळाला असता. आज ठरलेली २३ एप्रिल ही त्याहून नऊ दिवस अलीकडची तारीख आहे. ज्या मुदतवाढीला तुम्ही शरणागती समजता, ती नियमावलीने स्वतःहून देऊ केलेल्या सवलतीपेक्षाही लहान आहे.

तुम्ही जोडलेल्या कागदांत ती संमतीची पुरसीस, म्हणजे न्यायालयात दिलेले लेखी निवेदन, आहे. दोनच पाने. ती पुन्हा एकदा शांतपणे वाचा. पहिल्या परिच्छेदात बजावणीच्या दोन तारखा आहेत, दुसऱ्यात मूळ मुदती आहेत, म्हणजे कंपनीची २४ मार्च आणि योजनेची २ एप्रिल, आणि तिसऱ्यात असे म्हटले आहे की, या बदलामुळे न्यायालयाने ठरवून दिलेल्या कोणत्याही तारखेत फरक पडत नाही. हे शेवटचे वाक्य शोभेसाठी घातलेले नाही. कॅलिफोर्नियाच्या उत्तर जिल्ह्याच्या स्थानिक नियम ६-१ प्रमाणे दाव्याला उत्तर देण्याची मुदत उभय पक्षांना न्यायाधीशांच्या हुकुमाशिवाय आपसात लेखी वाढवता येते. मात्र न्यायालयाने आधीच नेमलेल्या एखाद्या तारखेला त्याचा धक्का लागणार असेल, तर नियम ६-२ खाली रीतसर विनंती करावी लागते. त्या विनंतीसोबत प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि त्यात मुदत का हवी, यापूर्वी किती वेळा घेतली आणि पुढच्या वेळापत्रकावर काय परिणाम होईल हे सांगावे लागते. तुमच्या प्रकरणात न्यायालयाने पहिल्या हुकुमातच नेमलेली जूनमधील व्यवस्थापन बैठक, म्हणजे खटल्याचे वेळापत्रक ठरवणारी न्यायाधीशांपुढची बैठक, जागची हललेली नाही. खटल्याचे खरे घड्याळ त्या बैठकीपासून चालू होते, आणि ते एका दिवसानेही मागे गेलेले नाही.

(हे नियम जिल्ह्याजिल्ह्यात बदलतात, म्हणून अन्य वाचकांसाठी जाता जाता सांगते. लॉस एंजलिसच्या मध्य जिल्ह्यात अशी संमती एकूण ३० दिवसांपर्यंत न्यायाधीशांच्या मंजुरीशिवाय चालते. न्यू जर्सीत मुदत संपण्यापूर्वी अर्ज केल्यास न्यायालयाचा क्लार्कच १४ दिवसांपर्यंत वाढ देऊ शकतो, आणि त्यासाठी समोरच्याची संमतीही लागत नाही. त्यामुळे न्यू जर्सीतील एडिसनमध्ये राहणाऱ्या मैत्रिणीचा अनुभव सनीवेलला लागू करू नये.)

दोन प्रतिवादींना एकच तारीख मिळाली, हेही तुमच्या सोयीचे आहे. योजनेचे आणि कंपनीचे वकील बहुधा एकच असतात, आणि दोन वेगवेगळ्या दिवशी दोन अर्धवट उत्तरे येण्यापेक्षा एका दिवशी एक पूर्ण उत्तर आले, तर तुमच्या वकिलांना पुढची पावले एकदाच टाकता येतात. योजनेपुरते पाहिले तर वाढ केवळ २१ दिवसांची आहे.

तुमच्या दिरांचे म्हणणे मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांच्या कार्यक्षेत्रात ते अगदी बरोबर आहेत. भारतात समूह आरोग्य विम्याचा क्लेम नाकारला गेला आणि कर्मचारी ग्राहक आयोगाकडे गेला, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे विमा कंपनीला आपले म्हणणे मांडण्यासाठी ३० दिवस आणि आयोगाने दिल्यास आणखी १५ दिवस, असे जास्तीत जास्त ४५ दिवस मिळतात. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने न्यू इंडिया ॲश्युरन्स आणि एका शीतगृह संस्थेच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, ही ४५ दिवसांची मर्यादा बंधनकारक आहे आणि त्यापुढे एक दिवसही वाढवण्याचा अधिकार आयोगाला नाही. हा निकाल १९८६ च्या जुन्या कायद्यातील तशाच तरतुदीवर होता, पण शब्द तेच आहेत. जो वकील रोज या चौकटीत काम करतो, त्याला समोरच्याची मुदत चुकणे म्हणजे त्याचे म्हणणे कायमचे बंद होणे असेच दिसणार. विलंबाने त्रासलेल्या ग्राहकाला ती चौकट न्याय्य वाटते, आणि माझेही मत तसेच आहे. परंतु तुमचा दावा पुण्याच्या आयोगापुढे नाही.

येथे २१ दिवस उलटले म्हणजे प्रतिवादीचे तोंड बंद होत नाही. आधी क्लार्ककडे अर्ज करून ‘कसूर’ नोंदवून घ्यावी लागते आणि मग निराळा अर्ज करून एकतर्फी निकाल मागावा लागतो. या दोन पायऱ्यांच्या दरम्यान प्रतिवादी योग्य कारण दाखवून ती नोंद रद्द करून घेऊ शकतो, आणि विमा कंपनीचा वकील ते आठवडाभरात करतो. खटले गुणवत्तेवर निकाली निघावेत याकडे न्यायालयांचा स्पष्ट कल आहे. ज्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाचे निर्णय तुमच्या न्यायाधीशांवर बंधनकारक आहेत, त्यानेच २००१ साली एका समूह आयुर्विमा योजनेच्या वादात दिलेला एकतर्फी निकाल बाजूला सारला होता. म्हणजे दिरांच्या सल्ल्याप्रमाणे चालले असते, तर महिनाभर अर्ज, प्रतिअर्ज आणि सुनावणी यांत घालवून तुम्ही जिथल्या तिथे आला असता. शिवाय न्यायाधीशांची तुमच्या बाजूशी पहिली ओळख ‘चार दिवसांचीही सवड न देणारी बाजू’ अशी झाली असती.

त्या ओळखीची किंमत किती असते याचे एक उदाहरण सांगते. नवव्या सर्किटपुढे २०१० साली ‘अहानचियान विरुद्ध झेनॉन पिक्चर्स’ हे प्रकरण आले. विषय कॉपीराइटचा होता, पण शिकवण तुमच्या कामाची आहे. प्रतिवादींनी सुट्ट्यांच्या तोंडावर मोठा अर्ज दाखल केला, उत्तराला हाती जेमतेम आठवडा होता, आणि वादीच्या वकिलाने आधी ठरलेल्या प्रवासामुळे मागितलेली मुदत त्यांनी नाकारली. पुढे तारीख मोजण्यात चूक होऊन वादीचे उत्तर तीन दिवस उशिरा आले. खालच्या न्यायालयाने ते विचारात घेतले नाही आणि निकाल प्रतिवादींच्या बाजूने लागला. अपील न्यायालयाने तो फिरवला, आणि एवढ्यावर न थांबता व्यावसायिक सौजन्याला हरताळ फासल्याबद्दल प्रतिवादींच्या वकिलांची लेखी कानउघाडणी केली. मी स्वतः उमेदीच्या काळात एकदा दहा दिवसांची मुदत नाकारली होती. न्यायाधीशांनी ती दिलीच, वर मला विचारले की, या दहा दिवसांत तुमच्या अशिलाचे नेमके काय बिघडणार होते? माझ्यापाशी उत्तर नव्हते. सहा महिन्यांनी त्याच प्रकरणात मला मुदत मागावी लागली, तेव्हा समोरच्या वकिलाने ती हसून दिली. ते हसणे मला अजून आठवते.

वकिलांनी तुम्हाला विचारले नाही याबद्दलचा तुमचा राग मात्र निम्मा रास्त आहे. अशा किरकोळ मुदतवाढीला संमती देणे हा वकिलाच्या अधिकारातला विषय मानला जातो. अशिलाचे नुकसान होत नसेल, तर वाजवी विनंती मान्य करण्याने तत्परतेच्या कर्तव्याचा भंग होत नाही, असे अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श नियमांवरील टिप्पणीतच म्हटले आहे, आणि कॅलिफोर्निया बारची सौजन्यविषयक मार्गदर्शक तत्त्वेही तेच सांगतात. पण कळवणे आणि विचारणे यांत फरक असला, तरी कारण समजावून सांगणे हे कर्तव्य उरतेच. तीन ओळींचा मेल पुरेसा नव्हता. ते त्यांना जरूर सांगा. पण तेवढ्यासाठी वकील बदलू नका. नवा वकील आल्यावर पहिले काय करील ते मी आजच सांगू शकते : प्रकरण वाचायला वेळ हवा म्हणून मुदतवाढ मागेल.

इथवर वाचून मुदतवाढ निरुपद्रवी असते असा समज करून घेऊ नका. तुमच्या संशयाच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. नोकरीतून मिळालेल्या विम्याचे वाद १९७४ च्या ज्या कायद्याखाली चालतात, त्या एरिसाखाली विलंब करणाऱ्या कंपनीला फारसे भय नाही. वैयक्तिक पॉलिसी असती तर कॅलिफोर्नियाच्या राज्य कायद्याप्रमाणे अप्रामाणिक वर्तनाबद्दल दंडात्मक भरपाई मागता आली असती. परंतु १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पायलट लाइफ या कंपनीच्या प्रकरणात ठरवले की, एरिसाच्या कक्षेतील योजनांबाबत राज्याच्या कायद्यावर आधारलेले असे दावे चालणार नाहीत. त्यामुळे जिंकल्यावर मिळतात ते थकलेले हप्ते, आणि न्यायाधीशांच्या मर्जीनुसार व्याज व वकिलांचा खर्च. ज्यूरी नाही, दंड नाही. घरभाड्यासाठी क्रेडिट कार्डावर जे कर्ज साचत आहे त्याचे व्याज कोणी भरून देणार नाही. दरमहा ६,००० डॉलरांविना काढलेला प्रत्येक महिना तुमच्या घरातून जातो आणि कंपनीच्या तिजोरीत तेवढा काळ राहतो. म्हणून पहिली मुदत मोकळ्या हाताने द्यावी; दुसरी मात्र मोबदला घेतल्याशिवाय देऊ नये.

हा मोबदला कोणता, याविषयी वकिलांशी आजच बोला. एरिसाच्या खटल्यात प्रतिवादीच्या उत्तराला म्हणजे कैफियतीला फारसे वजन नसते. ‘मान्य’, ‘अमान्य’ आणि ‘माहिती नाही’ यांचीच ती माळ असते. निकाल ठरतो तो प्रशासकीय अभिलेखावर, म्हणजे क्लेम नाकारताना कंपनीपुढे जे कागद होते त्यांवर : तुमच्या डॉक्टरांच्या नोंदी, कंपनीने नेमलेल्या डॉक्टरांनी तुम्हाला न तपासता केवळ कागद पाहून दिलेले अभिप्राय, आणि तुम्ही ‘अन्य कोणते’ काम करू शकता हे सांगणारा व्यवसायतज्ज्ञाचा अहवाल. कंपनीचे वकील ३० दिवस मागतात त्याचे प्रामाणिक कारण बहुधा हेच असते की, शेकडो पानांचा हा गठ्ठा क्लेम विभागाकडून त्यांच्या टेबलावर यायचा असतो. तेव्हा आपण म्हणावे की, तो गठ्ठा २३ एप्रिलला उत्तरासोबत आम्हालाही द्या, पानांवर अनुक्रमांक घालून. अंतर्गत अपिलाच्या वेळी मागणी केल्यास क्लेमची फाइल विनामूल्य मिळण्याचा तुम्हाला हक्क होता आणि ती तुमच्याकडे असेलच. दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून पान अन् पान ताडून पाहा. मी असे करताना एकदा डॉक्टरांचे चार पानी पत्र दोनच पानांचे झालेले पाहिले आहे. पाठपोट छापलेल्या कागदाची मागची बाजू स्कॅन झाली नव्हती, आणि बोटांच्या क्ष-किरण तपासणीचा निष्कर्ष नेमका मागच्या बाजूवर होता. असे काही सापडले तर ते व्यवस्थापन बैठकीपूर्वी सापडणे आणि सुनावणीच्या आदल्या आठवड्यात सापडणे यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

आणखी दोन गोष्टी मागता येतात. जूनची बैठक पुढे ढकलण्याची विनंती आम्ही करणार नाही, एवढे समोरच्यांकडून लेखी घ्यावे. आणि तुमच्या वकिलांना पुढे एखाद्या अर्जाला उत्तर देण्यासाठी तेवढीच सवड लागली, तर ती मिळेल असे ठरवून ठेवावे. तुमच्या हातांची अवस्था पाहता एखादे प्रतिज्ञापत्र वेळेत होणार नाही अशी वेळ केव्हाही येऊ शकते.

पत्रात तुम्ही विचारलेले नाही, तरीही आपसातील संमतीने ज्या मुदती वाढत नाहीत त्यांच्याविषयी लिहिणे भाग आहे, कारण एकदा मुदतवाढ पाहिलेला माणूस सर्वच तारखांना रबराच्या समजू लागतो.

नकाराच्या पत्रानंतर अंतर्गत अपिलासाठी मिळणारे १८० दिवस तुम्ही पाळले, हे उत्तम झाले. अनेकजण तिथेच अडकतात. फोनवर क्लेम विभागातील कोणीतरी ‘चालेल, पाठवा सावकाश’ म्हणते, आणि पुढे त्या वाक्याचा कागद सापडत नाही. त्यानंतरची पायरी न्यायालयात येण्याची. एरिसाने त्यासाठी स्वतःची मुदत घातलेली नाही, म्हणून पॉलिसीत लिहिलेली मुदत लागू होते, आणि ती पुष्कळदा नकारापासून नव्हे, तर अपंगत्वाचा पुरावा देणे आवश्यक होते त्या दिवसापासून मोजली जाते. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने हार्टफर्ड कंपनीच्या प्रकरणात अशी तीन वर्षांची मुदत एकमताने उचलून धरली. त्या कर्मचारी महिलेने अंतिम नकारानंतर तीन वर्षांच्या आत दावा लावला होता. पण पॉलिसीतले घड्याळ अंतर्गत अपील चालू असतानाच धावू लागले होते, आणि तिचा दावा मुदतबाह्य ठरला. या निकालानंतर श्रम खात्याने नियम सुधारले, आणि १ एप्रिल २०१८ नंतरच्या अपंगत्वाच्या क्लेममध्ये अपील फेटाळणाऱ्या पत्रात दावा लावण्याची पॉलिसीतील शेवटची तारीख दिनांकासह देणे कंपनीवर बंधनकारक झाले. ज्यांनी अजून दावा लावलेला नाही त्यांनी पत्राच्या शेवटच्या पानावरची ती ओळ शोधावी.

निकालानंतरच्या तारखा याहून कठोर आहेत. निष्कर्षांत दुरुस्ती किंवा फेरसुनावणी मागण्यासाठी २८ दिवस असतात, आणि ते वाढवण्याचा अधिकार नियमांनी न्यायाधीशांनाही दिलेला नाही. अपिलाची नोटीस ३० दिवसांत द्यायची असते. ही मुदत थोडीशी वाढवून मिळू शकते, पण कायद्याने आखलेल्या रेषेपर्यंतच. २००७ च्या ‘बोल्स विरुद्ध रसेल’ या प्रकरणात अपिलाची मुदत पुन्हा खुली करताना कायद्याने १४ दिवस देता येत असताना न्यायाधीशांनी चुकून १७ दिवस दिले आणि हुकुमात २७ फेब्रुवारी ही तारीख लिहिली. वकिलांनी त्या तारखेवर विसंबून २६ फेब्रुवारीला अपील दाखल केले. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते मुदतबाह्य ठरवले. न्यायाधीशांनी स्वतः लिहून दिलेली तारीखसुद्धा कामाला आली नाही. तो खटला फौजदारी शिक्षेतून उद्भवलेला होता, पण अपिलाच्या मुदतीचा कायदा तोच आहे. म्हणून निकाल लागेल त्या दिवशी तारीख तुम्हीही मोजा, आणि हुकुमात किंवा मेलमध्ये काहीही लिहिलेले असो, वकिलांना ‘हे तीस दिवस कोणत्या नियमाने आणि कधीपासून?’ असे विचारा.

राहिला पुण्याचा प्रश्न. खटल्यासाठी तुम्ही सनीवेलमध्ये बसून राहण्याची गरज नाही. अशा दाव्याचा निर्णय साधारणपणे अभिलेखावरच होत असल्याने तुमची साक्ष व्हायची नाही, आणि उत्तर येईपर्यंत तर न्यायालयात काहीच घडणार नाही. मध्यस्थीची बैठक लागली तर पक्षकाराने स्वतः उपस्थित राहणे अपेक्षित असते. दूरस्थ हजेरी हवी असल्यास आधी परवानगी घ्यावी लागते, पण तो प्रश्न जूननंतरचा. खरी अडचण पॉलिसीत असू शकते. काही समूह पॉलिसींमध्ये अमेरिका किंवा कॅनडाबाहेर ठरावीक काळापेक्षा अधिक वास्तव्य केल्यास लाभ थांबतो, आणि बहुतेक पॉलिसींत नियमित वैद्यकीय देखरेखीखाली असणे ही अट असते. तीन आठवड्यांच्या मुक्कामाने पहिली अट बहुधा मोडणार नाही. परंतु आईकडचा मुक्काम वाढत वाढत पावसाळ्यापर्यंत गेला आणि संधिवाततज्ज्ञांच्या दोन भेटी चुकल्या, तर ‘उपचारात खंड’ हे शब्द कंपनीच्या पुढच्या पत्रात आलेच म्हणून समजा. पुण्यात डॉक्टरांना दाखवले तर त्यांची टिपणे इंग्रजीत, तारीख, सही आणि नोंदणी क्रमांकासह घेऊन या.

तिकीट काढण्यापूर्वी पॉलिसीतील परदेशवास्तव्याचे पान वकिलांना पाठवून त्यांचे लेखी मत घ्या, आणि जाण्याचा दिवस फेरविचाराच्या अर्जाची पोच हाती आल्यानंतरचा ठेवा.